भाऊजींची डावी बाजू

आमचे धाकटे भाऊजी चेंडू तोंडावर आला तरी डोळे मिटत नसत. कॉलेजच्या हॉकी टीमचे ते गोलकीपर. घरी मागच्या अंगणात मला लिंबं फेकायला लावून सराव करायचे. मी पदर सावरत, डोळे घट्ट मिटून लिंबू फेकायची. ते हसायचे, "अहो वहिनी, फेकणाऱ्याला कसली भीती? भ्यायचं ते मी!" लग्नाला दोन वर्षं झाली होती तरी मामंजींसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नसे. भाऊजींशी मात्र बोलता येई, कारण ते उत्तरासाठी अडून बसत नसत.

त्या वर्षी त्यांची टीम बोटीने आफ्रिकेला खेळायला जाणार असं ठरलं. मामंजी पूर्वी दरबारच्या कचेरीत होते. संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं तेव्हापासून ते घरात गप्पच असायचे. आता ते राजवाड्यापर्यंत फिरायला जायचे आणि भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "आमचे चिरंजीव समुद्रापार चाललेत." भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, मी खेळायला चाललोय आणि बाबा जिंकून आलेत."

जायला महिना होता. एके दिवशी सरावात ते तोल जाऊन पाठीमागे पडले आणि गोलच्या खांबावर डोकं आपटलं. उजव्या कानामागे टेंगूळ घेऊन ते गुपचूप स्वयंपाकघरात आले. मी हळद कालवून दिली. "आईला कळलं तर जाणं गेलं," एवढंच म्हणाले.

टेंगूळ जिरलं. पण मी रोज वाढणारी, माझ्या लक्षात यायला लागलं. ताटात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर तशीच राहायची. आधी वाटलं, भूक नाही. मग दाराच्या चौकटीवर त्यांचा डावा खांदा आपटलेला पाहिला. मग सराफ्यात एका टांग्याच्या घोड्याने त्यांना जवळजवळ तुडवलंच. टांगेवाला ओरडला, "भिया, मरना है क्या?" हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी हळूच विचारलं, "भाऊजी, डावीकडचं दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिकडे काहीच नसतं, वहिनी. मान वळवली की दिसतं. मी वळवतो मान, खेळताना भागतं." आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कुणाला सांगितलंत तर माझ्या गळ्याची शपथ आहे."

आमच्या माहेरी शपथ मोडली की ज्याची घातली त्याच्यावर येते असं मानतात. बोलले तर शपथ त्यांच्यावर येणार. गप्प राहिले तर एखादा चेंडू डावीकडून येणार. तो चेंडू दगडासारखा कठीण असतो, मी हातात घेऊन पाहिला होता. पासपोर्टचा फोटो आला, परदेशी जायची लस टोचून झाली, सासूबाईंनी चकल्यांचा डबा भरला. मी रोज देवाला म्हणे, काहीतरी होऊन बोट रद्द कर.

निघायच्या आदल्या दिवशी मामंजींनी टीमच्या सरांना जेवायला बोलावलं. पंगत बसली. भाऊजींच्या ताटात श्रीखंडाची वाटी ठेवताना माझा हात उजवीकडे गेला आणि थांबला. मग मी ती वाटी डावीकडे, कोशिंबिरीपलीकडे ठेवली. सासूबाईंनी डोळे वटारले.

भाऊजी उजवीकडे बसलेल्या सरांशी बोलत होते. थोड्या वेळाने ताटाकडे पाहून म्हणाले, "काय वहिनी, आफ्रिकेला जाणाऱ्यालाच श्रीखंड नाही?"

सर हसले, "अरे यार, सामने तो रखा है!"

"कुठे?"

सगळी पंगत हसली. भाऊजीही हसले, आणि हसत हसत ताटाची उजवी बाजूच शोधत राहिले. मामंजींचं हसू आधी थांबलं. ते भाऊजींच्या डावीकडे बसले होते. त्यांनी हात वर केला. "किती बोटं आहेत, सांग."

भाऊजी समोर पाहत म्हणाले, "कसली बोटं, बाबा?"

मामंजींचा हात कितीतरी वेळ तसाच वर होता.

सकाळी डॉक्टरांनी वाटीची हकीकत ऐकली आणि तपासलं. म्हणाले, आत इजा आहे, पुन्हा मार लागला असता तर जिवावर बेतलं असतं. मामंजींनी स्वतःच्या हाताने कॉलेजला चिठ्ठी लिहिली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

बंदराकडे जाणारी गाडी संध्याकाळची होती. भाऊजी म्हणाले, मी टीमला पोचवायला जाणार. सासूबाईंनी मला बरोबर पाठवलं, "एकट्याला सोडू नकोस गं." टांग्यात ते आपले पॅड मांडीवर घेऊन बसले होते. प्लॅटफॉर्मवर त्यांनी ते दुसऱ्या गोलकीपरच्या हातात दिले आणि त्याचे पट्टे कुठे सैल होतात ते दाखवलं. पोरं त्यांच्या गळ्यात पडली. गाडी हलली, आणि ती दिसेनाशी झाली तरी ते हात हलवत उभे होते.

तेवढ्यात डावीकडून सामानाची हातगाडी आली. हमाल ओरडला, "हटो, हटो!" ते हललेच नाहीत. मी त्यांना बाही धरून ओढलं. दिराला असा हात मी कधी लावला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. म्हणाले, "शपथ काही मोडली नाहीत तुम्ही, वाटी तेवढी डावीकडे ठेवलीत. डॉक्टर म्हणतात, वहिनींनी वाचवलं. मी आज तसं म्हणणार नाही."

गर्दी बाहेर निघाली होती. ते दोन पावलं गेले आणि थांबले.

"वहिनी, या बाजूने चला," ते डावा हात जरा पुढे करून म्हणाले. "इकडचं मला कळत नाही."