चेअरमनचा फोटो आणि अकरा सेकंद

गावच्या दूध संकलन केंद्रातल्या नोंदी मी ठेवतो. तिथल्या संगणकावर सर्वांना खुलं असलेलं, फुकट मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर मीच आग्रहानं बसवलं होतं. आधीच्या चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरस आला आणि महिन्याभराच्या नोंदी गेल्या होत्या.

यंदा उन्हाळ्यात फाइल उघडायला आणि दर पावतीनंतर साठवायला फार वेळ लागू लागला. पावत्या वेळेत निघेनात, पावतीशिवाय कॅन गाडीत चढत नाही, आणि पाटोद्याच्या शीतकरण केंद्राची गाडी काही थांबत नाही. एका सकाळी शेजाऱ्याचे दोन कॅन मागं राहिले. दूध नासलं.

"फुकटचं आणल्यावर असंच व्हतंय," तो म्हणाला. "आता काय संगणकाला पाजू का दूध, अण्णा?"

चेअरमननी पुढच्या आठवड्यात बैठक लावली. तोवर सुधारलं नाही तर मोबाइलच्या दुकानातून पुन्हा चोरीची प्रत आणायची, असं ठरलं.

हे सॉफ्टवेअर बनवणारे लोक पदरमोड करून काम करतात, त्यांना नावं कशाला ठेवता, हे उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण त्यानं दूध टिकलं नसतं. मी घड्याळ घेऊन बसलो. कोरी फाइल लगेच उघडायची. आमची उघडायला दोन मिनिटं. आत शोधलं. रोज कालच्या पानाची नक्कल करून आजचं पान करायची आमची पद्धत, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर चेअरमनचा हात जोडलेला फोटो. तोही फ्लेक्सवाल्यानं दिलेला, बॅनरच्या मापाचा.

बैठकीत मी आकडे सांगितले. फोटो काढून टाकले तर फाइल अकरा सेकंदांत उघडते. पतसंस्थेतल्या विकतच्या सॉफ्टवेअरवर तीच फाइल सहा सेकंदांत उघडली. म्हणजे आपलं हळू आहे, हे खरं.

"मंग मी खरंच बोललतो की!" शेजारी म्हणाला.

"पाच सेकंदांपुरतं," मी म्हणालो.

बाकीचा वेळ कुणाचा, हे सगळ्यांना कळलं. सगळे भिंतीवरच्या चेअरमनच्या फोटोकडं बघू लागले. शेवटी चेअरमनच हसले. "काढा माझं तोंड तिथून. भिंतीवरचं तेवढं ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचे कॅन रांगेत पहिले होते. मी फाइल उघडली तसा तो दारातून मोठ्यानं मोजू लागला. अकराला पावती लिहायचं पान समोर आलं.

"पतसंस्थेत सहातच उघडती म्हनं," तो म्हणाला, आणि पावती घेऊन कॅन गाडीत ठेवायला गेला.