दोन शेर जोंधळा

निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात माझ्या थोरल्या भावाचे, अण्णाचे दंड बघायला माणसं थांबायची. तो रोज तालमीत जायचा. दूध परवडायचं नाही, म्हणून आई हुलगे शिजवायची. त्यांचं दाट कढण, मोड आलेले हरभरे, शेंगदाणे आणि गूळ, सगळं अण्णाच्या ताटात जायचं. कढण काढून उरलेले हुलगे बैलाला. आई सगळ्यांच्या शेवटी शिळी भाकरी आणि चटणी घेऊन बसायची. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण करू नकोस असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

पुढं पाण्याची घागर आणताना तिला धाप लागू लागली. तालमीतून आलेला अण्णा घाम पुसत म्हणाला, ‘आई, अंगाला व्यायाम पायजे. माझ्यासारखी मेहनत केलीस तर असं व्हायचं न्हाय.’ तो मनापासून बोलला, याचाच मला अजून राग येतो. आई जात्यावर जाऊन बसली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. तेरावं झालं, पीठ संपलं, आणि मी तापानं पडले होते. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. अण्णानं दोन शेर जोंधळा घेतला आणि जात्याचा खुंटा धरला. निम्मा दळून होईपर्यंत त्याच्या तळव्याला फोड आले. तो धापा टाकत थांबला.

‘रोज एवढं दळायची?’

‘व्हय अण्णा,’ मी अंथरुणातून म्हटलं. ‘उपाशीपोटी.’