गार्डाचा डबा

चिखल्याच्या खाणीत फिटर असलेल्या हिरालालने घरातल्या तखतावर पत्र्याच्या रुळांची गोल लाइन टाकली होती. इंजिन चावीचं, डबे स्वस्तातले, जमेल तसे जमवलेले. फक्त शेवटचा गार्डाचा डबा काही केल्या मिळत नव्हता.

दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, पाहुणे जमतात आणि तिथंच सोयरिकी जुळतात. हिरालाल थोरल्या मुलासाठी मुलगी पाहायच्या निमित्ताने मंडया फिरायचा. परतल्यावर बायकोला, बेबीबाईला सांगायचा, "पोरगी पसंत नाही पडली. जाताजाता हा एक डबा तेवढा भेटला."

यंदा बेबीबाईच सोबत निघाली. खेळण्यांच्या दुकानापाशी हिरालालने मान फिरवली, पण दुकानदार टेकचंदने हाक मारलीच.

"या भाऊ, दरसालचे गिऱ्हाईक तुम्ही. गार्डाचा डबा राखून ठेवला ना तुमच्यासाठी."

बेबीबाईने डब्याकडे पाहिलंच नाही. शेजारी एक तरुणी खेळण्यांना चावी देत हसतहसत गिऱ्हाईक सांभाळत होती.

"हे पोरगी कोनाची?"

"माझीच. लग्नाची आहे," टेकचंद म्हणाला.

"इतके साल इथं उभे राहिले, अन् हे नाही दिसली तुमाले?" बेबीबाईने नवऱ्याला विचारलं.

गाव, आडनाव, नातीगोती निघेपर्यंत चहा आला. "आमाले देनंघेनं काही नको," बेबीबाईने सांगून टाकलं.

हिरालालची पंचाईत झाली. डबा विकत मागावा तर होणारा व्याही पैसे घेणार नाही, आणि फुकट घेतला तर तो हुंडा. तरी त्याने तोंड उघडलं, तशी बेबीबाईने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"काही म्हनत होते का पाव्हने?" टेकचंदने विचारलं.

"चाय मस्त झाली म्हनतात," बेबीबाई म्हणाली.