हॅलोजनच्या उजेडात माझे गाल

तमाम सोयऱ्याधायऱ्यांना, शेजाऱ्यांना आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या गालांची दुरुस्ती काढायचं ठरलं.

धामणकर नाक्यावरच्या स्किनच्या डॉक्टरबाईंनी भिंग धरून निकाल दिला, "अ‍ॅक्ने स्कार्स." म्हणजे तरुणपणी फोडलेल्या मुरुमांचे खड्डे. "लेझरने ते उथळ होतील. गुळगुळीत गाल मात्र मागू नका."

मी मागितलेच नव्हते. मला फक्त माझ्या लेकीच्या, ज्योतीच्या हळदीत कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं होतं. व्हिडिओवाल्याच्या हॅलोजनखाली माझा एकेक खड्डा विहिरीएवढा दिसतो, हे मावसभावाच्या लग्नाची कॅसेट बघताना मला कळलं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक हळदीत तो दिवा मीच धरला. धरणारा कधी चित्रात येत नाही! पण ज्योतीने बजावलं, "बाबा, माझ्या हळदीत लाईट धरलात, तर मी पाटावरून उठेन."

ज्यांना हे करून घ्यायचंय, त्यांनी ऐका. आधी तासभर बधिर करणारं मलम लावून बसवतात. मग डोळ्यांवर झाकण्या घालतात. मी लगेच "आई गं!" ओरडलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, मशीन अजून सुरू केलेलं नाही." सुरू झाल्यावर गरम सुयांसारखे चटके बसतात, पण सोसवतात.

नंतर चेहरा लाल होतो, बारीक खपल्या धरतात. त्या खरवडायच्या नाहीत आणि उन्हात जायचं नाही. मी पहिलं पाळलं. लेझरच्या तिसऱ्या खेपेनंतर मात्र राहनाळच्या गोदामात कामाला स्कूटरवरून उघड्या तोंडाने गेलो. गाल काळवंडले.

"पिग्मेंटेशन!" डॉक्टरबाई कडाडल्या. म्हणजे उन्हाने उमटलेले काळे डाग. "आता लेझर बंद. डाग जाईपर्यंत थांबायचं."

लग्न दोन महिन्यांवर! माझी सगळी नाटकं त्या दिवशी संपली. रोज सनस्क्रीन लावून, ज्योतीची ओढणी तोंडाला गुंडाळून मी गोदामात जाऊ लागलो. हमाल ओरडायचे, "भाभीजी आ गयीं!"

डाग हळूहळू फिके झाले. खड्डे निम्मे उरले. तेवढे माझेच, असू देत.

हळदीला मी पाटाशेजारी उभा राहिलो. ज्योतीने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि हॅलोजन तोंडावर आला. मांडवात सगळे माझ्याकडेच बघत होते. आता कुणीतरी गालांबद्दल बोलणार, म्हणून मी श्वास रोखला.

तेवढ्यात शेलार गावाहून आलेली म्हातारी आत्या ओरडली, "आरं, तू हितं उभा हायस, तं लाईट कोन धरील?"