शाळेच्या गाडीतून न उतरलेला मुलगा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण उसाच्या हंगामातली ती एक संध्याकाळ मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

आणीबाणीच्या थोडं आधीची गोष्ट. सांगली जिल्ह्याच्या टोकाला, सातारा जिल्ह्याच्या हद्दीलगतच्या ठाण्यात मी फौजदार होतो. दिवस मावळताना एक बाई धापा टाकत ठाण्यात आली. मागोमाग तिचा म्हातारा सासरा. नवरा फौजेत, दूर सीमेवर.

"सायेब, माझं लेकरू गाडीतनं उतरलंच न्हाई," एवढंच ती बोलू शकली.

बाकीचं सासऱ्याने सांगितलं. मुलगा नऊ-दहा वर्षांचा, मतिमंद. तेव्हा सगळीकडे हाच शब्द वापरत. त्याला स्वतःचं नाव-गाव सांगता येत नव्हतं. अशा मुलांसाठी एका बाईंनी शेजारच्या सातारा जिल्ह्यात छोटी शाळा काढली होती. आसपासच्या गावांतली मुलं एका जुन्या मेटॅडोरमधून येत-जात. त्या दिवशी आई नेहमीप्रमाणे फाट्यावर उभी होती आणि गाडी न थांबता तिच्यासमोरून निघून गेली.

शाळा एका जिल्ह्यात, गाव दुसऱ्यात. मूल नेमकं कुठे हरवलं, कोणालाच माहीत नाही. ठाणे अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, हद्द आपली की त्यांची?" मी म्हणालो, "आई आपल्या दारात उभी आहे. नोंद आपण घ्यायची." स्टेशन डायरीत नोंद झाली, शेजारच्या ठाण्याला बिनतारी संदेश गेला आणि ड्रायव्हरला बोलावणं धाडलं.

ड्रायव्हर आला तो उत्तर तयार ठेवूनच. "साहेब, पोराला रोजच्यागत फाट्यावर उतरवला. ह्यास्नीच यायला उशीर झाला आसंल." मी वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं, दर वेळी तेच वाक्य, त्याच शब्दांत. माझा अनुभव असा, की खरं सांगणारा माणूस मध्ये अडखळतो, चुकतो, चूक सुधारतो. पाठ केलेलं उत्तर तेवढं अडखळत नाही.

तेवढ्यात फाट्यावरचा सायकल दुरुस्तीवाला स्वतःहून ठाण्यात आला. आत न येता त्याने मला बाहेर बोलावलं. "सायेब, आज गाडीवर ह्यो नव्हताच. दुसराच गडी हुता. लय जोरात गेला."

मी आत येऊन ड्रायव्हरसमोर बसलो आणि आवाज न चढवता विचारलं, "शिराळ्याला कोणाकडे गेला होतास?" शिराळा मी उगीच म्हणालो नव्हतो. त्याच्या सदऱ्यावर हळदीचे डाग होते आणि त्याची बहीण तिकडे दिली असल्याचं सासरा बोलून गेला होता. त्याचा चेहरा पडला. भाचीची हळद होती. गाडी त्याने मेव्हण्याच्या, बायकोच्या भावाच्या, हाती दिली होती. मेव्हणा ट्रक चालवणारा. मुलांना त्याने पूर्वी कधी पाहिलंही नव्हतं.

"त्याला सांगितलं हुतं, पोरं आपापल्या ठिकाणी उतरत्यात म्हनून," तो रडत म्हणाला. "नोकरी जाईल म्हनून खोटं बोललो, साहेब."

मेव्हणा सापडला. तो काही लपवत नव्हता, पण त्याच्याकडे सांगण्यासारखंही फार नव्हतं. इंजिन तापलं म्हणून दोन-तीनदा पाण्यासाठी थांबलो, म्हणाला. कुठे? "दोन्ही बाजूला ऊसच ऊस. समदा रस्ता सारखाच की वो." आम्ही बॅटऱ्या आणि कंदील घेऊन रस्ता धुंडाळला. गावकरी हाका मारत होते. पण हाकेला ओ देणारं मूल नव्हतं ते. थंडी कडाक्याची होती. शेतोशेती विहिरी होत्या. ती आई रात्रभर ठाण्याच्या पायरीवरून हलली नाही.

सकाळी शाळेच्या बाई आल्या. मी म्हणालो, "गाडीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला विचारायचं आहे." ती मुलगी चौदाएक वर्षांची. माझा गणवेश पाहताच तिने पदरासारखी ओढणी तोंडावर घेतली. बाई म्हणाल्या, "असं विचारून नाही सांगणार ती. गाडीत बसवा सगळ्यांना, रोजच्या जागी. आणि तुम्ही टोपी काढून मागे बसा."

मुलं आपापल्या जागी बसली. मेव्हणा स्टिअरिंगवर. मागे मी, एक हवालदार आणि हरवलेल्या मुलाची आई. एक जागा रिकामी. मैलामागून मैल गेले, मुलगी खिडकीबाहेर बघत होती. एका वळणावर गरम रसाचा वास आला आणि ती एकदम उठून उभी राहिली. दारावर हात आपटत ओरडली, "गूळ! गूळ!"

गाडी थांबली. उसाच्या आड, रस्त्यावरून न दिसणारं गुऱ्हाळ होतं. मेव्हणा म्हणाला, "व्हय, हितलंच पानी घेतलं हुतं."

मी धावत सुटलो. समोर उकळत्या रसाची मोठी काहील, बाजूला बिनकठड्याची विहीर. मी आधी विहिरीत डोकावलो. मग चुलवणाच्या मागे, उसाच्या चिपाडांच्या ढिगावर घोंगडी पांघरून बसलेला एक मुलगा दिसला. तोंड गुळाने माखलेलं. शेजारी एक म्हातारी त्याला भाकरीचा तुकडा भरवत होती.

"आवं, ऊस आननाऱ्या गाडीवानाचं पोर हाय म्हनून ठिवलं आमी," ती घाबरून म्हणाली. "बोलतंय कुटं त्ये!"

आईने त्याला उराशी धरलं तेव्हा तो तिच्या तोंडाला गूळ लावत होता. ती रडता रडता हसू लागली. माझ्याबरोबरच्या हवालदाराने डोळे पुसण्यासाठी पाठ फिरवली. मलाही इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच रस घेतला आणि सगळ्यांना पाजला.

निष्काळजीपणाची कारवाई रीतसर झाली. शाळेने पालकांना बोलावलं आणि ठरवलं: रोज एक पालक गाडीत बसेल, मूल हातातून हातात दिलं जाईल, अनोळखी माणूस गाडी चालवणार नाही. पहिल्या दिवशी बसायला तीच आई आली. मुलीचा जबाब मी नोंदवला. वरिष्ठ म्हणाले, "एका शब्दाचा जबाब?" मी म्हणालो, "साहेब, बाकी सगळ्यांनी भरपूर सांगितलं. मूल सापडलं ते या शब्दाने."

ज्याला सांगता येत नाही त्याला काही कळत नाही, असं आपण किती सहज धरून चालतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. पुढे बदली होऊन कुठेही गेलो, तरी नाक्यावर मुलांची गाडी दिसली की मी ती थांबवायचो. ड्रायव्हर लायसन्स काढू लागला की म्हणायचो, "ते नंतर दाखव. आधी आतल्या पोरांची नावं सांग."