मनोहरकाकांनी मला नापास केलं

बाबांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. ते एवढंच म्हणाले, "मनोहर गेला बाई... सकाळी चहा पिता पिता." समोर चालू असलेलं मोजमाप मी थांबवलं नाही. ते पूर्ण केलं, वहीत आकडा लिहिला आणि मग स्टुलावर बसून रडले. नंतर याचं मला वाईट वाटत राहिलं. आता दीड महिन्यानं वाटतं, काम अर्धवट टाकून रडत बसले असते तर काकाच रागावले असते.

मनोहरकाका बाबांचे धाकटे भाऊ. आमचं घर अकोल्याजवळ शेवंती आणि वांगी-टमाटे पिकवणारं, जुन्या शहरातल्या बाजारात माल नेणारं. काका तेवढे वावरातून उठून अमरावतीला गेले आणि एका तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवायला लागले. त्यांना मूलबाळ नव्हतं. लोखंड त्यांच्याशी बोलायचं, असं मी लहानपणी खरंच मानायचे. एकदा त्यांनी आमच्या विहिरीवरच्या चालू पंपावर नुसता तळहात ठेवला आणि बाबांना म्हणाले, "आठ दिवस निघतीन." नवव्या दिवशी पंप बंद पडला. याचीच नजर लागली म्हणून बाबा काकांवर चार दिवस फुरंगटून होते!

बारावीनंतर माझ्यापुढे दोन वाटा होत्या. काकांच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत होता. दोन वर्षांत हाताला काम, तेही घराजवळ. दुसरीकडे दक्षिणेतल्या एका संशोधन विद्यापीठाचं पत्र आलं होतं. तिथं पाच वर्षं शिकायचं, मग पुढं आणखी शिकायचं, आणि शेवटी काय होणार ते घरात कोणालाच सांगता येत नव्हतं. बाबांचं मत डिप्लोमाचं, आणि काकांचं तर होतंच होतं. "माई पुतणी येऊन राह्यली," असं त्यांनी अख्ख्या वर्कशॉपला सांगून टाकलं होतं. माझं मन मात्र रोज पालटत होतं. शेवटी काकाच म्हणाले, "चार दिवस येऊन पाह्य. मंग ठरव."

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात लोखंडाचा एक ठोकळा आणि कानस दिली. घासून पन्नास मिलिमीटरचा चौकोन करायचा, कडा सपाट हव्यात. तपासायची रीत साधी होती. कडेला गुण्या लावायचा आणि दाराच्या उजेडात धरायचा. मधून उजेड दिसला तर तिथं खड्डा आहे, पुन्हा घासा. मी घासत राहिले. हाताला फोड आले, ते फुटले, तरी केसाएवढा उजेड कुठून ना कुठून दिसायचाच. जेवायची सुट्टी झालेली मला कळायची नाही. काका लांबून बघायचे. चौथ्या दिवशी दुपारी गुण्या लावला आणि कुठूनच उजेड येईना. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल.

काकांनी ठोकळा उजेडात फिरवून पाहिला. मग माप घेतलं. सेहेचाळीस.

"सपाट तं असा केला का माह्यानंबी होणार नाई," ते म्हणाले. "पण मापातून गेला. थांबली काहून नाई?"

"उजेड दिसत होता काका. अगदी बारीक."

"तेवढा चालते बाई. तेवढा सोडा लागते." त्यांनी ठोकळा फडक्यानं पुसून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "इथं थांबता आलं पाह्यजे. काम मापात, वेळेत द्या लागते. तुले थांबता येत नाई. जिथं कोणी थांब म्हणत नाई, तिथं जाय तू. इथं तू नापास."

त्याच संध्याकाळी मी गावी परतले, तेवढ्यात त्यांचा बाबांना फोन आला. "दादा, पोरीले जाऊ दे तिकडं." फोन स्पीकरवर होता. बाबा चिडून म्हणाले, "तूच तं म्हणत होता ना डिप्लोमाचं?" काका म्हणाले, "म्हणत होतो. चुकलो."

मी गेले. पण ते 'नापास' मनात सलत राहिलं. हाताच्या कामात ही पोरगी कच्ची, म्हणून काकांनी मला गोड बोलून वाटेला लावलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले. सुट्टीत भेटले की ते विचारायचे, "का करून राह्यली सध्या?" मी सांगायचे आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा अतिशय पातळ थर मोजायची माझी पद्धत ऐकून ते म्हणाले, "तुह्या मोजायच्या काट्याले कोण मोजते?" मी हसले. परत आल्यावर मात्र त्या प्रश्नानं झोप उडवली, आणि माझं पुढचं दीड वर्ष त्यावरच गेलं. माझ्या मार्गदर्शकांनाही तो सुचला नव्हता. अशा माणसापुढे आपण फार लहान आहोत, हे मला त्या वर्षी नीट समजलं.

तेरवी झाल्यावर काकूनं मला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटातून एक निळा अ‍ॅप्रन काढून हातात दिला. वर्कशॉपमधली मुलं घालतात तसाच, पण लहान मापाचा, कधीच न घातलेला. घड्यांवर कापड फिकं पडलेलं. मुलांच्या अ‍ॅप्रनला पट्टी ठेवायचा लांब खिसा उजवीकडे असतो. याचा डावीकडे होता. मी डावखुरी आहे.

"शिंप्याकून मुद्दाम शिवून घेतला होता त्यायनं," काकू म्हणाली. "तुह्या चौथ्या दिवशी सकाळी घेऊन गेले, तुले द्याले. संध्याकाळी तसाच वापस आणला. म्हणे, ठेवून दे. जेवले नाईत त्या दिवशी."

काका 'जाय तू' म्हणाले तेव्हा वर्कशॉपच्या शेडबाहेर त्यांच्या स्कूटरच्या डिक्कीत हा घडी घालून ठेवलेला होता.