कुंकवानं चिकटलेलं पान

त्या सकाळी शिवलीलाबाईंच्या हातची भाकरी तिसऱ्यांदा फाटली, तेव्हा शेजारच्या फुलाबाईनं सरळ परातच ओढून घेतली. "उठा बगू तुमी. पीठ वाया घालवू नका."

उठल्या बिचाऱ्या. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं, पत्र्याचं शेड, सहा चुली, सहा बायका आणि पार पुण्यापर्यंत जाणारी कडक भाकरी. एवढा सगळा पसारा, आणि उभा कशावर? तर दुसऱ्याच्या जागेवर. नवऱ्यानं, ईरप्पांनी, ती जागा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली होती. ईरप्पा जाऊन पाच वर्षं झाली, आणि पट्टा येत्या ऑक्टोबरअखेर संपत होता. मुदत वाढली नाही तर चुली उचलायच्या. उचलून ठेवायच्या कुठं, डोक्यावर? नुसत्या विचारानं बाईंच्या हातची भाकरी फाटायची.

मुदतवाढीचं काम दिलं होतं धाकट्या दिराकडं, सोमशेखरकडं. तो जागांची दलाली करायचा. कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं आणि कशालाही एकच उत्तर, "वैनी, मी हाय की!" संक्रांतीपासून हेच चाललं होतं. मालकाला भेटलात का? मी हाय की. अर्ज दिला का? लई वेळ हाय की अजून. माणूस वाईट नव्हता, बरं का. ईरप्पांच्या आजारपणात दवाखान्याच्या पायऱ्या यानंच झिजवल्या होत्या. पंचाईत तीच तर होती. परक्याला तोंडावर बोलता येतं, याला कसं बोलायचं?

आणि पट्ट्याचा कागद कुठं होता? देवघरात, पितळी ताटात. दर लक्ष्मीपूजनाला ईरप्पा तो बाहेर काढत, हळदकुंकू वाहत, ओल्या अक्षता टाकत आणि पुन्हा ताटात ठेवून देत. मध्ये कुणी हात लावायचा नाही. "लक्ष्मी हाय ती," म्हणायचे. ते गेल्यावर बाईंनीही तेच चालू ठेवलं. एकोणतीस दिवाळ्यांचं कुंकू बसून शेवटची पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. पूजा झाली, पण वाचायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फुलाबाईच्या भावाच्या गाळ्याचं असलंच काम सात रस्ता चौकातल्या एका वकीलबाईनं केलं होतं. शिवलीलाबाईंनी तिचं नाव काढलं मात्र, सोमशेखर फणकारला, "वकील कशाला? घरचा माणूस मेलाय व्हय?" बाईंच्या काळजाला ते लागलं. दोन दिवस त्या देवघरातल्या ताटाशी घुटमळल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद टॉवेलात गुंडाळला आणि कुणाला न सांगता रिक्षात बसल्या.

वकीलबाईचं नाव अपेक्षा. मूळची कुर्डुवाडीची, रेल्वेतल्या फिटरची पोरगी. शिवलीलाबाईंनी भिंतीवरची सनद बघितली, खुर्चीच्या कडेला टेकल्या, पण मन काही टेकेना. ज्वारी घेताना दाणा दाताखाली फोडल्याशिवाय त्या पोत्याला हात लावत नसत. इथं काय फोडायचं? शेवटी सरळच विचारलं, "मॅडम, असली कामं किती केलीत?"

"अकरा, मावशी. त्यातली दोन फसली."

"का फसली?"

"लोक वेळ गेल्यावर आले. आणि एक सांगते, भाडं किती वाढवून देणं रास्त, ते मला विचारू नका. त्याला सरकारमान्य मूल्यांकन करणारा वेगळा असतो, तो आपण गाठू. मी कागद बघते."

फसलेलं काम आपल्या तोंडानं सांगणारं माणूस बाईंना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी टॉवेल सोडला. टेबलभर कुंकू सांडलं. अपेक्षानं पान हळूच सोडवून बघितलं, पण ते फाटायला लागलं.

"हे शेवटचं पान कुणी वाचलंय?"

"पूजेचा कागद हाय तो," शिवलीलाबाई ओशाळून म्हणाल्या.

पोरगी हसली नाही. नोंदणी कार्यालयातून नक्कल मागवू म्हणाली. नक्कल आली दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. मुदतवाढ हवी असेल तर पट्टा संपण्याच्या सहा महिने आधी मालकाला लेखी कळवायचं. न कळवल्यास हक्क संपला.

"म्हणजे तीस एप्रिलच्या आत, मावशी. आज एकोणतीस."

बाई लगेच म्हणाल्या, "लिहा मॅडम. काम तुमीच करायचं." नोटीस टपालानं तर गेलीच, शिवाय एक प्रत मालकाच्या हाती द्यायची होती, सोबत साक्षीदार घेऊन.

शेडवर आल्या तर सोमशेखर दारातच तणतणत उभा. "देवातला कागद बाहेर नेला? विचारायचं तरी!" बाईंनी नोटिशीचं, साक्षीदाराचं सांगितलं, नक्कल त्याच्या हातात दिली आणि शेवटच्या पानावर खाली बोट दाखवलं. साक्षीदार म्हणून सही होती सोमशेखरचीच, बावीस वर्षांच्या पोराची, ऐटदार. वर तीच सहा महिन्यांची ओळ.

त्याची विभूती घामानं ओघळली.

"वैनी, मी वाचलंच न्हवतं. दादानं बोट ठेवलं, तितं सही केली. नंतर विचारायची लाज वाटली." मग घाईनं पेन काढलं. "नोटिशीला साक्षीदार पायजे न्हवं? कुटं करू सही?"

शिवलीलाबाईंनी नोटिशीवर तळहात ठेवला. "आधी वाचा, भावजी. मोठ्यानं."

त्यानं वाचलं, अडखळत, शेवटपर्यंत. बायकांचे भाकरी थापणारे हात थांबले होते. मग सही केली, वैनीला मागं बसवलं आणि गाडीला किक मारली.

मालकाच्या पेढीवर पोचले तेव्हा मुनीम कुलूप हातात घेऊनच उभा होता. बाईंनी नोटीस पुढं केली. त्यानं नोटिशीकडं बघितलंही नाही, घाईघाईत शिक्का काढला, पोच द्यायला पेन उघडलं. बाई मनात म्हणत होत्या, कर बाबा सही, कर एकदाची.

तेवढ्यात सोमशेखरनं मुनिमाचा हात धरला.

"साहेब, आधी वाचा."

शिवलीलाबाईंनी डोळेच मिटले. मुनिमानं वैतागून चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली आणि कॅलेंडरकडं बघितलं. मग तारीख घालून शिक्का मारला. "उद्या पेढी बंद हाय," तो म्हणाला. "आज आलात ते बरं झालं."